फुटाला एक सूत

मोशीच्या ज्योतीराम मेस्त्रींना कंपनीतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. त्यातले तीन त्यांनी घराच्या पडवीत, एका मोडक्या मशीनपुढे पाटावर बसून घालवले.

मशीन गोल करवतीचं होतं. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध फट, फटीतून निम्मी वर आलेली दातेरी चकती. खाली चकतीचा दांडा, दांड्याला पट्टा, पट्ट्याला मोटर. दिघीला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला होता. त्यातून ते एका भंगारवाल्याकडे आलं आणि त्याच्याकडून मेस्त्रींकडे. बैलगाडीतून उतरवताना ते गावातल्या सहा जणांना पेललं नाही. एका अंगावर आदळलं, आणि दांडा ज्या दोन बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्रॅकेटवर बसतो त्यातलं पट्ट्याच्या बाजूचं ब्रॅकेट दुभंगलं.

"जुनं ते जुनं, वर मोडून आणलं," त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या. "आता ह्याला कुठं निजवायचं?"

निजवायला जागा पडवीतच होती. तिथंच ते बसलं.

ज्योतीराम मूळचे गावातले सुतार. तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात ते पॅटर्नचं काम शिकले, आणि बासष्ट साली चिंचवडला कंपनी उभी राहिली तेव्हा तिथं लागले. बीडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात घडवावी लागते. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. काम नाजूक. अठरा वर्षांत मेस्त्रींचा एकही पॅटर्न चुकला म्हणून परत आला नव्हता. ते स्वतः हे कधी बोलत नसत, पण दुसऱ्या कुणी बोललं तर थांबवतही नसत.

बीडाची एक खोड आहे. गार होताना ते आकसतं, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. आता दर मापाला हा हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. नकाशात दहा इंच लिहिलं असेल तर ह्या पट्टीनं दहा इंच मोजायचं, आकस आपोआप भरून निघतो.

निवृत्तीच्या दिवशी मेस्त्रींनी सगळी हत्यारं स्टोअरमध्ये जमा केली. स्टोअरचा बन्सी ती पट्टी हातात घेऊन उभा राहिला. पट्टीवरचे आकडे मेस्त्रींच्या अंगठ्यानं झिजून गेले होते.

"मेस्त्री, हरवली म्हणून लिहू का? घेऊन जा घरी. दुसऱ्या कुणाला हिचे आकडे दिसायचे बी न्हाईत."

"कंपनीची हाय ती. लिही जमा."

"लई सरळ माणूस बुवा तुम्ही."

"लिही."

बन्सीनं जमा लिहिलं. मेस्त्री गेटाबाहेर पडले तेव्हा त्यांच्या पिशवीत डबा, टॉवेल आणि मंडळींनी दिलेला नारळ, एवढंच होतं.

घरी रिकामं बसवेना. भोसरीला रंगरावाची छोटी फाउंड्री होती. त्याचा सुतार काम सोडून गेला होता. मेस्त्री जाऊन भेटले, तर रंगराव उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली, पण बोलला ते रोखठोक.

"मेस्त्री, पॅटर्न तुमच्यासारखे कोण करणार? पण हातानं फळ्या चिरत बसलात तर एकेका पॅटर्नला महिना जाईल, न् तुमचं वय बी आता फळ्या चिरायचं न्हाई. मशीन करा घरी. करवत फिरायला लागली की या. दोन पॅटर्न लगेच देतो."

म्हणून मशीन आलं, आणि आल्याबरोबर मोडलं.

त्याच आठवड्यात जावई सुरेंद्र आला. तो मेस्त्रींच्याच कंपनीत टाइम ऑफिसला कारकून होता. माणूस चांगला. चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलला आणि मग बशीत बघत म्हणाला, "मामा, रागावू नका. गेटवर वॉचमनची एक जागा आहे. साहेबांशी मी बोललोय. तुमचं नाव ऐकून ते लगेच हो म्हणाले. बसून काम. सुटीच्या वेळी लोकांचे डबे-पिशव्या बघायच्या, एवढंच."

मेस्त्रींच्या डोळ्यांपुढं गेट आलं. बन्सी, शेजारचे उद्धवराव, मोल्डिंगची सगळी माणसं, एकेक जण समोर थांबून पिशवी उघडून दाखवतोय. "मेस्त्री, बघा" म्हणतोय, आणि मान दुसरीकडे वळवतोय.

"कधीपर्यंत सांगायचं?"

"दसऱ्यापर्यंत थांबतील. नंतर दुसरा माणूस घेणार."

"मग दसऱ्याला सांगतो, सुरेंद्रराव. तोवर करवत फिरली तर मी माझं काम करीन. न्हाई फिरली, तर बसतो गेटावर."

सुरेंद्र गेला. सगुणाबाई कपबशा उचलताना एवढंच म्हणाल्या, "बसायचं तर हितं बी बसलेलाच हाय की तुमी."

दुसऱ्या दिवसापासून मेस्त्रींनी ब्रॅकेट हातात घेतलं. तुटलेले दोन तुकडे तारेनं घट्ट आवळून एक केले आणि घरातल्या फुटपट्टीनं मापं घेतली. तळापासून दांड्याच्या मध्यापर्यंत बरोबर दहा इंच. त्या मापांवर सागाचा पॅटर्न केला. अडुळशाच्या पाल्यासारखा हिरवट रंग होता घरात, तोच वरून दिला. रंगरावानं तो बघितला, बोट फिरवलं आणि मान डोलावली. चार दिवसांनी ब्रॅकेट ओतून झालं. त्याच्याच लेथवर भोक पाडायचं होतं. लेथवाल्यानं विचारलं, "मेस्त्री, मध्य कुठं धरू? एकदा मापून देता का?"

"पॅटर्नवर जसा आलाय तसा धर," मेस्त्री म्हणाले. "मापायचं काय त्यात?"

लेथवाल्यानं तसा धरला.

ब्रॅकेट बसवलं, दांडा ठेवला, चकती चढवली. हातानं फिरवून बघितलं तर दांडा जड. नवं आहे, बसेल हळूहळू, म्हणून मोटर लावली. चकती फिरली, पण कण्हत फिरली. मेस्त्रींनी एक फळी पुढं सारली. फळी चार बोटं चिरली गेली, मग अडकली. पट्टा सुटून भिंतीवर आपटला आणि लाकडाच्या जळक्या वासानं पडवी भरली. फळीची कड काळी पडली होती. बेअरिंगला हात लावला तर चटका बसला.

मेस्त्रींनी सगळं उतरवलं.

त्यांना वाटलं, बेअरिंग जुनी आहेत. ती बदलली. पुन्हा जोडलं. पुन्हा तोच वास. मग वाटलं, पट्टा ढिला आहे. पट्टा आखडला. मग मोटर बघितली, चकतीचे दाते कानशीनं घासले, एकेका दात्याला वळण दिलं. शेवटी टेबलावर गुण्या ठेवून बघितला तर चकती काटकोनात नव्हती. एका अंगाला कललेली. पडताना चौकटच वाकली असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दोरी लावून चौकट तपासली. दोरीत आणि चौकटीत केसाचंही अंतर नव्हतं. पुन्हा तपासली. तरी तेच.

असे श्रावण आणि भादवा गेले. पाटावर बसून गुडघे धरायचे. उठताना टेबलाच्या कडेचा आधार घ्यावा लागायचा. मशीन उभारून आपण काम करणार होतो, आता मशीनला धरून उठतोय, असं त्यांच्या मनात यायचं. पण असलं कुणाला सांगत नाहीत.

जेवायला हाक मारून मारून सगुणाबाई कंटाळल्या. "मशीनला बी एक ताट वाढू का? दोन्ही येळंला तुमच्या शेजारीच असतंय."

"अगं, आलो."

"हे 'आलो' सकाळचं का आत्ताचं?"

शेजारचे उद्धवराव त्याच कंपनीत फिटर होते, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. पहिल्या शिफ्टवरून आले की डबा घरी न ठेवता आधी पडवीत डोकवायचे. फिटर आणि पॅटर्नवाला यांचं जुनं वाकडं. फिटर जुळणीत काही कमी पडलं की खाली पत्र्याचा तुकडा सारतो, त्याला पॅकिंग म्हणतात. मेस्त्री त्याला चुकीवरचं पांघरूण म्हणायचे, आणि तेही उद्धवरावांच्या तोंडावर.

"ज्योतीराम, कललंय म्हणतोस ना? मग सार की खाली एक तुकडा."

"कशाखाली सारू? का कललंय ते कळाय नको?"

"कळून काय सत्कार करणार हायेस त्याचा? सार न् चालव."

"तुमी फिटर लोकांनीच कंपनी बुडवायची बाकी ठेवलीया."

"अन् तुमी पॅटर्नवाल्यांनी तारली! जातो बाबा. चहा कर म्हणावं वहिनीला, ह्या माणसाकडनं काय मिळत न्हाई."

नवरात्र तोंडावर आलं. घट बसायच्या आदल्या दिवशी सगुणाबाईंनी पडवी झाडायला घेतली. मेस्त्रींना पाटासकट बाजूला सरकवलं. लाकडाचे तुकडे, तारा, जुनी बेअरिंग, सगळं गोळा करून कोपऱ्यात लावलं. तारेनं बांधलेलं मोडकं ब्रॅकेट भिंतीला टेकवून उभं केलं, त्याच्या शेजारी हिरवा लाकडी पॅटर्न.

मेस्त्री भिंतीला पाठ टेकून बसले होते. डोळे त्या कोपऱ्यावर होते, पण बघत काहीच नव्हते. मग एकाएकी दिसलं.

दोन्हींची उंची सारखी होती.

ओतलेला तळ लेथवर घासून सपाट करावा लागतो, त्यासाठी पॅटर्नच्या तळाला एक जादा फळी लावली होती, ती फाउंड्रीतून परत येतानाच निखळली होती. राहिलेला पॅटर्न आणि मोडकं ब्रॅकेट, दोघांचे माथे एका ओळीत. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण पॅटर्न मूळ वस्तूइतकाच असेल तर आकसाची जागा कुठं गेली? पॅटर्न उंच दिसायला हवा होता. नुसत्या डोळ्याला कळेल इतका.

ते रांगत कोपऱ्यात गेले. पट्टी लावली. मोडक्याला दांड्याच्या मध्यापर्यंत दहा इंच. पॅटर्नला दहा इंच. मग मशीनवरचं नवं ब्रॅकेट मापलं, जे त्यांनी आजवर मापलंच नव्हतं. सुताला किंचित कमी, एवढं ते बुटकं भरलं. म्हणून दांड्याचं ते टोक खाली आणि चकती कललेली.

घरची पट्टी साधी होती. फुटाचा फूट दाखवणारी. अठरा वर्षं आकसाचा हिशेब पट्टीनं केला होता, मेस्त्रींनी नव्हे. त्यांनी फक्त दहा म्हटलं की दहा मोजलं होतं. तसंच आताही मोजलं. एवढी साधी गोष्ट, शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतात ती, त्यांच्या मनातच आली नव्हती. चौकटीला दोष दिला, मोटरला दिला, लष्कराला दिला. पॅटर्नकडे एकदाही वळून बघितलं नाही.

सगुणाबाई केर भरून आल्या तर हे तसेच जमिनीवर बसलेले.

"काय झालं? चक्कर आली का काय?"

"सुरेंद्ररावांना निरोप धाडायचा. बसतो म्हणावं गेटावर."

"का? काल तर न्हाई म्हणत हुता."

मेस्त्रींनी सांगितलं. सावकाश सांगितलं, मध्ये मध्ये थांबत. पट्टीचं, आकसाचं, बुटक्या ब्रॅकेटचं. शेवटी म्हणाले, "कला माझ्या हातात न्हवती, सगुणा. पट्टीत हुती. ती जमा करून आलो, न् मी रिकामा झालो."

सगुणाबाई खाली बसल्या. केरसुणी बाजूला ठेवली.

"आपल्या चित्राच्या बाळंतपणाला गेलते तवा भाताची पेज झालती, ध्यानात हाय का? जावई म्हणाले, सासूबाई, आज पेज छान झाली. मला मेल्याहून मेल्यावानी झालं. चाळीस वरीस भात शिजवती मी. मग बघितलं तर तिचं मापटं मोठं. पाणी मी तिच्या मापट्यानं घातलं, न् तांदूळ मुठीच्या अंदाजानं."

"मग?"

"मग काय मग? दुसऱ्या दिशी तिचं मापटं नीट बघून घेतलं, न् भात केला. भात इसरले म्हणून रडत बसले न्हाई." त्या उठल्या. "निरोप धाडायचा तर तुमचा तुमी धाडा. मला घट बसवायचेत."

मेस्त्रींच्या अंगात इतका शीण होता की हातातली पट्टी खाली ठेवायचंही सुचेना. मग उठले, मागच्या अंगाला टाकून दिलेलं गोठ्याचं जुनं दार होतं, त्याची बिजागरी काढली. बिजागरीची पाती जाडीला सुतभर होती. ती कानशीनं घासायला बसले. थोडी घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. पाती घासायला दोन दिवस लागले. पूर्वी अर्धा दिवस पुरला असता. बोटं आखडायची, म्हणून मध्ये मध्ये ती गरम पाण्यात धरून बसायचे.

तिसऱ्या दिवशी पाती ब्रॅकेटखाली सारली. बोल्ट आवळले. दांड्याला बोट लावलं. दांडा फिरला आणि फिरत राहिला.

उद्धवराव आले तेव्हा मेस्त्री फळी चिरत होते. जळका वास नव्हता, पट्टा जागेवर होता. उद्धवराव वाकले, खाली बघितलं आणि त्यांची नजर बिजागरीच्या पातीवर गेली.

"ज्योतीराम! पांघरूण घातलंस व्हय रे?"

"व्हय. थंडी वाजत हुती त्याला."

उद्धवराव इतके हसले की त्यांचा डबा हातातून पडला. मेस्त्रींना हसू आलं नाही. पण राग पण आला नाही.

"कशानं कललं हुतं मग?" हसणं ओसरल्यावर उद्धवरावांनी विचारलं.

मेस्त्रींनी मोटर बंद केली. चकती थांबू दिली. "पॅटर्न चुकला माझा. आकस द्यायचा राहिला."

उद्धवराव एवढंच म्हणाले, "हं." डबा उचलून फुंकर मारली. हे कंपनीत जाऊन ते सांगतील की नाही, ते मेस्त्रींना कळेना. विचारावंसंही वाटलं नाही.

करवत फिरली, तरी गेटाचं उत्तर काही ठरलं नव्हतं. रंगरावाचे पॅटर्न घ्यायचे तर आकसाची पट्टी हवी. ती कंपनीच्या स्टोअरात. बन्सीकडे मागितली तर तो देईल, पण मागायची कशी? विकत घ्यायची तर मुंबईहून मागवावी लागणार. दर मापाला डोक्यात हिशेब करायचा तर डोक्यावर आता मेस्त्रींचा भरवसा नव्हता.

मग त्यांना आठवलं, पुण्याच्या कारखान्यात पहिल्या वर्षी त्यांच्या वस्तादानं सगळ्यांकडून एक काम करून घेतलं होतं. तेव्हा ते निव्वळ छळ वाटलं होतं. मेस्त्रींनी जुन्या सागाची एक फळी काढली आणि मशीनवर तिची पट्टी चिरली. दीड बोट रुंद, फुटाहून थोडी लांब. मशीननं केलेलं पहिलं काम तेच. रंधा मारून ती गुळगुळीत केली. मग जमिनीवर कागद पसरला. एक फूट आणि एक सूत लांबीची रेघ ओढली. तिच्या टोकापासून एक तिरकी रेघ ओढली आणि तिच्यावर कंपासनं बारा सारखे टप्पे घेतले. शेवटचा टप्पा पहिल्या रेघेच्या टोकाला जोडला, आणि बाकीच्या अकरा रेघा त्याला समांतर ओढल्या. जिथं जिथं त्या पहिल्या रेघेला छेदल्या तिथं एकेक इंच. आकसाचा इंच. मग प्रत्येक इंचाची आठ-आठ सुतं. चष्मा पुसून पुसून, श्वास धरून, पट्टीवर धारदार पटाशीच्या टोकानं एकेक रेघ कोरली. चुकलेली एक पट्टी चुलीत गेली. दुसरी उतरली.

आकडे घालायचे बाकी होते, तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. सगुणाबाईंनी मशीन पुसून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. रंधा, पटाशा, गुण्या, कानस, सगळं पाटावर मांडलं. मेस्त्रींनी ती बिनआकड्यांची पट्टीही पाटावर नेऊन ठेवली. सगुणाबाईंनी तिच्यावरही एक फूल वाहिलं.

दसऱ्याला दुपारी सुरेंद्र आला. आपट्याची पानं सासऱ्याच्या हातात देऊन पाया पडला. फुलांची माळ घातलेल्या मशीनकडे बघून म्हणाला, "वा मामा, चालू झालं म्हणायचं."

"झालं."

"मग?" तो जरा चाचरला. "गेटचं काय सांगू? उद्या विचारतील."

मेस्त्रींनी पाटावरची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. "ही बघा, कशी झालीया."

सुरेंद्रनं उलटसुलट करून बघितली. खिशात कंपनीची सहा इंची स्टीलची पट्टी होती, ती काढून लावली. एकदा लावली, सरकवून पुन्हा लावली. त्याचा चेहरा पडला.

"मामा, छान केलीय. पण..."

"पण काय?"

"फुटात सुताचा फरक येतोय. एक सूत जास्त आहे."

"बरोबर एक सूत?"

"बरोबर एक."

"नीट बघा. कमी-जास्त न्हाई ना?"

सुरेंद्रनं पुन्हा बघितलं. "नाही. बरोबर एक सूत."

मेस्त्रींनी पट्टी परत घेतली. "मग झाली. तशीच पायजे ती." आणि मग, पट्टी गुंडाळायला फडकं शोधता शोधता, "गेटावर दुसरा माणूस घ्या म्हणावं. साहेबांना माझा नमस्कार सांगा."

सुरेंद्रला पट्टीचं काही कळलं नाही, पण गेटाचं कळलं. त्याला जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं.

तो गेल्यावर मेस्त्री पडवीतल्या बाजेवर आडवे झाले. उद्या भोसरीला जायचं होतं. आधी रंगरावाला सांगायचं, माझा पॅटर्न चुकला होता, तुझ्या लेथवाल्यानं मापायला सांगितलं ते मी ऐकलं नाही. मग काम मागायचं. सांगितल्यावर तो देईल की नाही कोण जाणे. पट्टीवर आकडे घालायचे होते. गुडघे ठणकत होते.

"नवं ब्रॅकेट ओतून घेणार न्हवं आता? मापाचं?" सगुणाबाईंनी आतून विचारलं.

"बघू."

ते काही झालं नाही. रंगरावाकडचे पॅटर्न त्यांनी पुढं सहा वर्षं केले, कधी दोन, कधी महिनाभर एकही नाही. मशीन तेच, आणि ब्रॅकेटखाली बिजागरीची पातीही तीच. नवं ब्रॅकेट ओतून घेणं त्यांना चार-आठ दिवसांचं काम होतं. पण पडवीत कुणी मशीन बघायला आलं की ते स्वतःच खाली बोट दाखवून म्हणायचे, "ते पॅकिंग हाय. चूक माझी." आणि कामाला लागायचे.